बादली झुलवायची कशी

लातूरकरांनो, आज सकाळी फिजिओथेरपीच्या मॅडमकडं जाऊन आले. महिनाभर टँकरच्या घागरी उचलून खांदे इतके आखडलेत की वेणी घालायला हात मागं जात नाही.

मॅडम पुण्याच्या, इथं नवीन. म्हणाल्या, "पुढं वाका, एक हात सैल सोडा. हातात भरलेली बादली आहे असं समजून हळूहळू झुलवा."

बादली म्हटल्याबरोबर माझा खांदा वर चढून कानाला टेकला.

"अहो ताई, सैल सोडा ना."

"मॅडम, भरलेली बादली झुलवली तर पाणी सांडतंय की," मी बोलून गेले.

त्या हसल्या. "बरं, मग रिकामी समजा."

रिकामी म्हटल्यावर तर जीव थाऱ्यावर राहिना. टँकर आला असंल का? शेजारच्या शांताबाईंनी माझ्या घागरी नंबरला लावल्या असतील का? दहा वेळा हात झुलवायचा होता. चार वेळा झुलवला आणि ऑटो धरून घरी पळत आले.

टँकर आलाच नव्हता.

तेव्हापासून दारात उभी हाय, खांदे अजून कानाशीच. तुमचे कुठं हायत? बघा बरं जरा हात लावून.