भाऊरावांचा तांबडा बैल

भाऊराव गावंड्यांचं अक्षर फार सुरेख होतं. इतकं सुरेख, की आपल्यात आणखी काही चांगलं असावं अशी गरज त्यांना उभ्या आयुष्यात वाटली नाही. जबलपूरच्या उत्तरेला, सिहोऱ्याचा रस्ता शहराबाहेर पडतो त्या बाजूच्या एका पोलीस थान्यात ते मोहरर होते. मोहरर म्हणजे थान्यातला लिहिणारा. कोण मेलं, कोणाचं काय गेलं, कोणी कोणाला मारलं, ते सगळं रोजनामच्यात उतरवायचं काम त्यांचं. थानेदार येत आणि बदलून जात. भाऊराव मात्र पंचवीस वर्षं त्याच खुर्चीवर होते, आणि त्याचं कारण असं की त्यांच्या हातून कागदावर गुन्हा म्हणून सहसा उतरतच नसे.

कोणी घाबराघुबरा चोरीची रपट द्यायला आला, की भाऊराव त्याला आधी पाणी पाजत. मग शांतपणे विचारत, "चोरी होते देखा था?" तो बिचारा म्हणे, नाही, सकाळी उठलो तर भांडी नव्हती. "तो गुम हुई लिखते हैं, भैया." आणि लिहीत. सुंदर, गोल, एका ओळीत. डोकं फुटून आलेला माणूस भाऊरावांच्या दौतीतून बाहेर पडला की उंबऱ्याला ठेचकाळलेला असे. मोठे साहेब तपासणीला आले की या थान्याचे आकडे पाहून मान डोलावत. थानेदार भाऊरावांची पाठ थोपटत, आणि तेवढ्यावर त्यांचं वर्ष सुखात जाई. लाच मात्र त्यांनी कधी घेतली नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. घेतली असती तर निदान खोटं लिहिण्याचं काही कारण तरी समजलं असतं.

परियट नदीला पूर आला आणि काठची वस्ती धुऊन गेली, त्या साली अकरा माणसं दगावली. पूर लिहिला तर वरून चौकशी आली असती, की वस्तीला वेळेवर इशारा का दिला नाही. तेव्हा भाऊरावांनी अकरा नोंदी केल्या आणि अकराही ठिकाणी लिहिलं, पाय घसरून बुडाला. एकाच सकाळी एकाच वस्तीतल्या अकरा जणांचे पाय घसरले. त्यांत एक पोर पाळण्यातलं होतं.

हे सगळं त्यांची बायको अनसूयाबाई जाणून होती. लग्नानंतर सुरुवातीला तिला त्याचं हसू येई, मग लाज वाटू लागली, आणि पुढे तीही वाटेनाशी झाली. ती त्यांना वाढायची, त्यांचे कपडे धुवायची, आणि ते थान्यातल्या गोष्टी सांगू लागले की उठून चुलीतली लाकडं उगाच मागेपुढे करायची. नवऱ्याची इतकी कमी किंमत मनात ठेवून संसार करता येतो, याचं तिलाच कधीकधी नवल वाटे.

आता त्यांच्या मुलीची, पद्मजाची गोष्ट. तिचा नवरा दिवाकर नकाशे काढण्यात हुशार. आईबाप लहानपणीच गेलेले, मामाकडे वाढलेला मुलगा. त्याला ब्रह्मदेशात रंगूनला नोकरी लागली आणि पद्मजाला माहेरी ठेवून तो एकटाच पुढे गेला. दहा महिने झाले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापड घ्यायला गेलं तरी ओळखीच्या बायका गोड आवाजात विचारत, "काहून गं, जावईबापू येत नाहीत का आताशा?" पद्मजाचा चेहरा उतरायचा. शेवटी सन अठ्ठावीसच्या पावसाळ्यात दिवाकरचं पत्र आलं. दोन खोल्या घेतल्या आहेत, मार्गशीर्षात न्यायला येतो. खाली एक ओळ होती, की यानंतर तीन वर्षं रजा मिळणार नाही.

"आई, मला जायचं आहे," पद्मजा म्हणाली. बस्स, एवढंच. पण कळशी घासता घासता म्हणाली आणि घासायची थांबलीच नाही, तेव्हा अनसूयाबाईला कळलं की पोरीने रात्री काढल्या आहेत या एका वाक्यावर.

भाऊरावांनी मात्र हात वर केला, जणू समोर थान्यातली गर्दी उभी आहे. "मुलगी समुद्रापार पाठवायची म्हणजे आधी तोलून पाहावं लागतं. तिथं चोऱ्या किती, खून किती, वादळं किती. आपण जबाबदार माणसं आहोत."

आणि त्यांनी तोलायला सुरुवात केली. शहरातल्या सदर भागात राहणारे भय्यासाहेब म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर त्यांचे स्नेही होते. भोसल्यांच्या वेळेपासून आपलं घराणं इथं आहे हे ते दर भेटीत सांगत, आणि त्यापुढे सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. ते जुनी वर्तमानपत्रं आणून देत. भाऊराव त्यांतून रंगूनचे दरोडे कात्रीने कापत, बंगालच्या उपसागरातली वादळं कापत, बुडालेल्या होड्या कापत, आणि खळीने वहीत चिकटवत. त्यांनी दिवाकरलाही लिहिलं, की तिथल्या पोलिसांचा वर्षाचा अहवाल मिळत असल्यास पाठवावा. दिवाकर सरळ माणूस. त्याने शोधून विकत घेतला आणि पाठवला. सासऱ्याच्या हातात आपण काय देत आहोत, ते त्या भोळ्याला काय ठाऊक!

दसऱ्यानंतरच्या एका रविवारी सकाळी भाऊरावांनी ओसरीवर सतरंजी अंथरली. भय्यासाहेब आले. चहा झाला. पद्मजा दाराआड उभी होती आणि अनसूयाबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. भाऊरावांनी एक मोठा कागद उलगडला. मधोमध लाल शाईची रेघ. एका बाजूला रंगून, दुसऱ्या बाजूला आपला थाना. एवढं मोठं बंदराचं शहर आणि शहराच्या कडेचा एक थाना, यांची बरोबरी लावली आहे, हे दोघांपैकी एकाही शहाण्याला खटकलं नाही.

"दरोडे," भाऊराव वाचू लागले. रंगूनच्या रकान्यात आकडा मावत नव्हता. "आपल्याकडे, पाच वर्षांत, शून्य. खून. तिकडे हे पाहा. आपल्याकडे दोन, तेही नात्यातले. वादळ-पुरात मेलेले. तिकडे पानभर यादी. आपल्याकडे शून्य."

"वा," भय्यासाहेब म्हणाले. "हे तर रामराज्य आहे, भाऊराव."

"मी बनवून नाही सांगून राहिलो. सरकारी कागद आहे."

अनसूयाबाईचा हात तांदळात थांबला. आतापर्यंत तिची समजूत अशी होती की हा माणूस खोटं लिहितो आणि खरं काय ते मनात ठेवतो. भित्रा आहे, पण जाणता आहे. आता तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं लबाडीचा मागमूस नव्हता. परीक्षेत पहिला आलेल्या पोराचं असतं तसं समाधान होतं. स्वतःच्या हाताने पुसलेली पाटी हा माणूस कोरी म्हणून वाचत होता.

"अहो," ती म्हणाली, "आपला तुळशीराम कोणत्या रकान्यात आहे?"

तुळशीराम तिचा धाकटा भाऊ. बड्या फुहाऱ्यावरून कापड घ्यायचं, तट्टावर लादायचं आणि सिहोऱ्याच्या बाजारात विकायचं, हा त्याचा धंदा. चार वर्षांपूर्वी त्याच रस्त्यावर त्याला तिघांनी गाठलं. तट्टू गेलं, कापड गेलं, डोक्यात कुऱ्हाड बसली. गाडीवाल्यांनी त्याला याच ओसरीवर आणून टाकलं होतं. दोन दिवस जगला. तिघे होते हे त्याने सांगितलं, एकाच्या कानात बाळी होती हेही सांगितलं, आणि ते ऐकायला अनसूयाबाईच्या शेजारी भाऊराव बसले होते. त्या आठवड्यात थान्याची तपासणी होती. भाऊरावांनी काय लिहिलं ते तिला पुढे वर्षभराने कळलं. बैल बुजून गाडी उलटली, तिच्याखाली सापडून मेला. त्या वेळी ती भांडली नाही. भाऊ तर परत येणार नव्हता. त्या दिवशी आपण गप्प बसलो, ही गोष्ट तिने स्वतःला कधी माफ केली नव्हती.

"तुळशीराम?" भाऊरावांनी कागदावरून बोट फिरवलं. "तो अपघातात. त्याचा बैल बुजला होता ना."

"त्याच्याजवळ बैल होता?"

"होता की."

"तट्टू होतं त्याच्याजवळ. पांढरं. याच अंगणात बांधून जायचा तो. तुम्ही गूळ चारायचे त्याला."

भाऊरावांनी कपाळाला आठ्या घातल्या. खरोखर आठवून पाहत होते ते. मग आठ्या गेल्या. "नाही, नाही. बैलच होता," ते म्हणाले. "तांबडा होता. एक शिंग मोडकं."

भय्यासाहेबांनी ते पांढरं तट्टू शंभरदा पाहिलं होतं. एकदा सदरपर्यंत त्याच्यावर बसूनही गेले होते. अनसूयाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. भय्यासाहेब कपाच्या तळाशी उरलेली चहाची पूड पाहू लागले. "असेल," ते म्हणाले. "असेल बुवा. तांबडा असेल." भोसल्यांच्या वेळेपासूनच्या घराण्याला एवढंच साधलं.

अनसूयाबाईला राग येईल असं तिलाच वाटलं होतं. राग आला नाही. किळस आली, आणि किळसेच्या मागोमाग भीती. कारण मोडकं शिंग त्या नोंदीतही नव्हतं. ते भाऊरावांनी आत्ता, बसल्या बसल्या, घातलं होतं. ज्या घरात मेलेल्या भावाला असं पुसतात त्या घरात जिवंत पोरीला ठेवायचं? आणखी तीन वर्षांनी हाच माणूस ओसरीवर बसून सांगेल, की पोरीला जायचंच नव्हतं. आणि भय्यासाहेब म्हणतील, असेल.

ती उठली. तांदळाचं सूप तिने त्या मोठ्या कागदावरच ठेवलं, लाल रेघेच्या बरोबर मध्यावर. "पद्मजा," ती म्हणाली, "माळ्यावरची ट्रंक काढ."

"अगं, पण तिकडचे दरोडे पाहा," भाऊराव म्हणाले. "वादळं पाहा."

"पाहिले. तिथं दरोडा पडला तर दरोडा पडला म्हणून लिहितात. वारा सुटला तर वारा सुटला म्हणून. माझी पोर तिथं मेली तरी कशानं मेली ते मला कळेल. चलो, पद्मजा."

भाऊरावांनी अडवलं नाही. अडवण्यासाठीही थोडं धाडस लागतं. मार्गशीर्षात दिवाकर आला, चार दिवस राहिला, आणि पद्मजाला घेऊन कलकत्त्याच्या गाडीत बसला; पुढे तीन-चार दिवसांची आगबोट. स्टेशनवर अनसूयाबाई एकटीच गेली होती. पोरीने खिडकीतून तिचा हात धरला तो गाडी हलेपर्यंत सोडला नाही. भाऊरावांना त्या दिवशी थान्यात फार काम होतं म्हणे. आठ दिवसांनी गल्लीत कोणी विचारलं, तेव्हा अनसूयाबाईने आतून ऐकलं: "पद्मजा? नागपूरला गेली आहे, मावशीकडे. हवापालट." ती बाहेर आली नाही. त्या थान्यात आता ती काही दाखल करणार नव्हती.

फाल्गुनात पद्मजाचं पत्र आलं. रंगूनला सगळं गोडच आहे असं तिने लिहिलं नव्हतं. खोलीचं कुलूप तोडून दोन लुगडी आणि दिवाकरची छत्री चोरीला गेली. शेजारच्या बायका सांगतात की वैशाखात असा वारा सुटतो की छपरं उडतात, म्हणून दोरखंड आणून ठेवला आहे. भीती वाटते. पण संध्याकाळी हे येतात, मग दोघं नदीवर जाऊन जहाजं पाहतो. अनसूयाबाईने ते पत्र तीनदा वाचलं आणि तिला पोरीचा असा अभिमान वाटला की डोळे भरून आले.

भाऊराव म्हणाले, "पाहिलं? मी म्हटलं नव्हतं, चोऱ्या होतात?"

ती उठली. कागद घेऊन उत्तर लिहायला बसली. तिचं अक्षर वाकडंतिकडं, ओळी खाली घसरणाऱ्या. सबंध दुपार लागली. तिने पोरीला तुळशीराममामाचं सगळं लिहिलं: तिघे, कुऱ्हाड, कानातली बाळी, पांढरं तट्टू. अकरा माणसं आणि पाळणा लिहिला. आणि शेवटी लिहिलं, "उद्या मी गेल्याची खबर तुला आली, तर मी कशानं गेले ते तुझ्या बापाला विचारू नको. दुसऱ्या कोणाला विचार."

पत्राच्या तळाशी दोन बोटं जागा उरली होती. आशीर्वाद वडिलांच्या हातचा हवा, म्हणून भाऊरावांनी पत्र ओढून घेतलं. वरचं त्यांनी वाचलं नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं वाचायची त्यांना सवयच नव्हती. टाक झटकून, आपल्या सुरेख, गोल, एका ओळीत बसणाऱ्या अक्षरात त्यांनी लिहिलं: "इकडे सर्व क्षेम आहे. लिहिण्यासारखे काही घडलेले नाही."