नितीनच्या घरी आमचं मंडळ

लूमवर काम करणाऱ्याच्या कपड्यांवर कापसाचे तंतू नकळत साठत जातात. आमच्या मंडळाचे किस्से तसेच साठले. कितीही झटका, थोडे अंगावर राहतातच!

मंडळ म्हणजे तीन माणसं, बाकीचे टाळ्या वाजवायला. अध्यक्ष भास्करशेठ, त्यांची दापोड्याला गोदामं. खजिनदार शकीलभाई, त्यांचे निजामपुऱ्यात कापडाचे लूम. सचिव मी, शकीलभाईंच्याच कारखान्यात सुपरवायझर. हेतू अगदी सरळ होता. सैन्यातल्या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची गावानं कदर करावी. सुरुवात शेलार गावच्या नितीनपासून करायची ठरली. तो सीमेवर, घरी आई गंगुबाई आणि बायको सुजाता.

*

'आपल्या जवानाचा सत्कार' असा पहिला बॅनर नाक्यावर लागला. त्यात भास्करशेठ एवढे मोठे, की रस्त्याच्या पलीकडून त्यांच्या पिकल्या मिशीचा केस न् केस दिसावा. नितीन खाली कोपऱ्यात, पासपोर्ट साइजमध्ये.

सकाळीच एका रिक्षावाल्यानं शेठना हात जोडले. "शेठ, इस उमर में भरती? घरवालों ने जाने कैसे दिया!"

*

कार्यक्रमाच्या दिवशी नितीनला सुट्टी मिळाली नाही. मग त्याचा फोटो खुर्चीवर ठेवला. सत्कार म्हटल्यावर हार आलाच, म्हणून कोणीतरी तो फोटोला घातला. टाळ्या झाल्या. फोटो मानानं गंगुबाईंच्या हातात दिला.

गंगुबाईंना मोतीबिंदू. समोरचं सगळं धुरकट. त्या फ्रेमवरून बोटं फिरवायला लागल्या, आणि बोटं झेंडूला लागली.

"सुजाता..." त्यांनी हार मुठीत धरला. "फोटोला हार कशाला गो? माजा नित्या हाय ना?"

 सुजाता नितीनला फोन लावत होती, तो लागत नव्हता. शेवटी शकीलभाई पुढे झाले, हार काढून स्वतःच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "आई, ये मेरा हार है. ठेवायला जागा नव्हती, म्हणून इथं ठेवला."

संध्याकाळी नितीनचा फोन आला. तोवर गंगुबाईंनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. शकीलभाईंनीही हार उतरवला नव्हता.

*

त्या दिवसापासून आम्हाला त्या घराची खरी अडचण कळली. डोळ्यांचे डॉक्टर कधीपासून ऑपरेशन करा म्हणत होते. गंगुबाई ऐकत नव्हत्या.

"नित्या आल्याबिगर न्हाय! पट्टी सुटल तवा पयला त्योच दिसला पायजे. कवरी वर्सां झाली, त्याचा तोंड नीट बगला न्हाय मी."

 सगळं नितीनच्या सुट्टीवर येऊन थांबलं.

*

मधल्या काळात आम्ही सुजाताचा सत्कार केला. तोफेच्या आकाराची ट्रॉफी दिली. माइक पुढे करून शेठ म्हणाले, "वहिनी, काही अडचण असली तर बिनधास्त सांगा!"

सुजातानं बिनधास्त सांगितलं. "आमच्या दारात ट्रेलर उभे असतात. सासूबाईंना तपासायला न्यायचं तर रिक्षा आत येत नाही."

आमच्यातल्या एकानं जोरात टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. सुजाता माइक धरून तशीच उभी.

शकीलभाई शेठच्या कानाला लागले, पण माइक चालू होता. "शेठ, ट्रेलर आपल्याच गोदामाचे आहेत. तोफ परत घ्या, गाडी हटवा!"

दुसऱ्या दिवशी गल्ली मोकळी झाली. तोफ मात्र सुजातानं परत दिली नाही. तिनं दाराला अडसर म्हणून लावली.

*

नितीन आला. गावात बातमी फिरली, आणि आमच्यासारखी आणखी मंडळं आहेत हे तेव्हा कळलं! शाळेत सत्कार, पतपेढीत सत्कार, क्रिकेटच्या मैदानात सत्कार. आमच्या कार्यक्रमाला तर प्रमुख पाहुणेच वेळेवर येईनात. नितीन उन्हात ताठ उभा.

"बस ना रे," मी म्हणालो.

"काका, बसलो की कोणीतरी हार घेऊन येतं. उभं राहणंच सोपं पडतं."

पाहुणे आले, भाषणं झाली. शेवटी आभार मानायला मी उठलो, तेवढ्यात सुजाता स्टेजवर आली. तिच्या हातात दवाखान्याची फाइल होती.

"आज सकाळी आईंचं ऑपरेशन होतं," ती म्हणाली. "ह्यांनी आल्याबरोबर ठरवलेलं. तुम्ही ह्यांना अर्ध्या तासासाठी म्हणून घेऊन आलात. तुमचं झालं असेल तर आमचा माणूस परत देता का?"

 ऑपरेशनचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, हे खरं. आम्ही कोणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरांनी मेहेरबानी केली. सुट्टीच्या अगदी शेवटी दुसरी तारीख मिळाली. पट्टी सुटेल त्याच दुपारी नितीनची गाडी होती.

*

ऑपरेशनच्या दिवशी कोणी सत्कार केला नाही. भास्करशेठनी स्वतःची गाडी दारात लावली, गंगुबाईंना हाताला धरून बसवलं. ऑपरेशन उत्तम झालं. परत येताना शेठचे डोळे पाणावले होते. "आता समजलं, खरं काम हे!" ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी पट्टी सुटताना आम्ही सगळे दवाखान्यात हजर राहिलो. शाल, श्रीफळ, गुच्छ घेऊन. वीरमातेचा सन्मान व्हायलाच हवा, असं शेठचं म्हणणं.

नर्स कात्री घेऊन आली. गंगुबाई खाटेवर बसलेल्या. नितीन त्यांच्या समोर, अगदी जवळ.

"फोटो कोण काढणार?" शेठनी विचारलं. आम्ही सगळे तर फ्रेममध्ये हवे होतो.

नितीनच्या हातात कोणीतरी मोबाइल दिला. "जरा मागे हो रे... अजून थोडा... सगळे आले पाहिजेत!"

फौजेतला माणूस. सांगितलं तसा तो मागे सरकत दारापर्यंत गेला.

शाल उघडून शेठ पुढे वाकले. पट्टी सुटली.

गंगुबाईंनी डोळा किलकिला केला. समोरचा चेहरा बराच वेळ बघितला. मग दोन्ही हात वर करून भास्करशेठच्या गालांवरून फिरवले, पांढऱ्या मिशीवरून फिरवले, आणि त्यांना रडू कोसळलं.

"नित्या... कवरा म्हातारा केला रं तुला त्यांनी!"