नागोजीरावांच्या वहीची मागची पानं

आमच्या भौतिकशास्त्र विभागात सकाळी घड्याळ बघायची गरज नसे. नागोजीराव गच्चीच्या जिन्यावर दिसले की साडेआठ वाजले असं समजायचं. प्रयोगशाळा सहायक म्हणून एकतीस वर्षं नोकरी. गच्चीवर झडपांची एक पांढरी लाकडी पेटी आहे, तिच्यात तापमापक. ते वाचायचे, वहीत लिहायचं, मग चहा. रविवारीसुद्धा. एकदा मी विचारलं, "रविवारी कोण बघतंय?" तर म्हणाले, "ऊन रविवारीं रजा घेतें काय, मॅडम?"

हे तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्यांपासून इकडचेच. मी साताऱ्याची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे चेन्नईत आलेली. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू फुटलं होतं आणि ते त्यांना कळलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते.

महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. म्हणून त्यांच्या वह्यांवरून मी एक चित्र करायला घेतलं. दर वर्षाचा एक उभा पट्टा. थंड वर्ष निळं, तापलेलं लाल. विद्यार्थ्यांनी वह्यांचे फोटो काढले, आकडे भरले. मी आपली एसीत बसून उंटावरून शेळ्या हाकल्या. चित्र मात्र देखणं झालं. अर्धं निळं आणि मग एकदम लालभडक. खाली त्यांचं नाव. प्राचार्य नारायणस्वामी खूश. निरोपसमारंभात ते दर्शनी भिंतीवर लागणार होतं.

चार दिवस आधी मी ते नागोजीरावांना दाखवलं. वाटलं, गहिवरतील. त्यांनी चष्मा पुसला आणि निळं संपून लाल सुरू होतं तिथे बोट ठेवलं.

"हें ऊन नव्हे, मॅडम. हें मोट्टैमाडी."

मोट्टैमाडी म्हणजे गच्ची. पेटी पूर्वी मागच्या अंगणात, कडुनिंबाशेजारी होती. तिथे नवी इमारत होणार म्हणून त्या वर्षी गच्चीवर दुसरी पेटी बसवली. खाली माती आणि सावली, वर तापलेलं सिमेंट. पारा चढणारच.

मी भडकले. "हे आधी नाही का सांगायचं?"

"लिहून ठेविलों की. वहीच्या मागें."

मागची पानं मी पाहिली होती. तमिळ अक्षरं होती, म्हणून माझ्या विद्यार्थिनीला, रम्याला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "अक्षरं आमचीच आहेत मॅडम, पण अर्थ लागत नाही. मंत्र असतील." मीही मान डोलावली होती. नागोजीराव घरची मराठी तमिळ अक्षरांत लिहितात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांना देवनागरी शिकवणार कोण होतं?

प्राचार्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "राहू द्या. जरा जास्त लाल दिसलं तर काय बिघडलं? गरमी वाढतेच आहे ना?" झाकली मूठ सव्वा लाखाची, असं माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू! पण नागोजीराव दारातच उभे होते.

"मग माझें नांव काढा," ते म्हणाले. कॉलेजच्या वार्षिक अंकातसुद्धा ज्याचं नाव कधी छापलं गेलं नव्हतं, तो माणूस हे म्हणत होता.

त्या दुपारी रम्या वाचायला बसली आणि मी ऐकायला. तिला अक्षरं येत होती, अर्थ नाही. मला अर्थ कळत होता, अक्षरं नाही. "आज दोनीकडे पाहिलों. खालीं इतकें, वर इतकें." निंब तोडेपर्यंत बेचाळीस दिवस त्यांनी दोन्ही पेट्या वाचल्या होत्या.

"हे करायला कुणी सांगितलं होतं?" मी नागोजीरावांना विचारलं.

"कोण सांगणार? बिऱ्हाड बदललें तर चार दिवस जुन्या घरीं जाऊन पाहातों नी, कांहीं राहिलें काय म्हणून."

सरासरी फरक जवळजवळ एक अंश निघाला. बेचाळीस दिवस म्हणजे थोडेच, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरे. गच्चीवरच्या प्रत्येक वर्षातून मी तेवढा वजा केला. नागोजीराव माझ्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे होते. नवं चित्र पडद्यावर उमटलं. मधली ती उडी गेली. मी टाळीच वाजवली.

टाळी वाजवणारी मी एकटीच. निळा हळूहळू फिका होत होता, मग गुलाबी, आणि शेवटी लालच. आधीइतका भडक नाही, पण लाल. नागोजीराव स्टूल ओढून बसले. इतक्या वर्षांत ते माझ्यासमोर कधी बसले नव्हते.

"अजून एकदां करून पाहा. तुमचा आंकडा चुकला असेल."

पुन्हा केलं. तेच आलं.

"मला वाटलें होतें, हें सगळें मोट्टैमाडीचेंच असेल," ते म्हणाले. "माझी चूक निघेल आणि ऊन आमच्या लहानपणाचेंच असेल."

मी समजत होते, हा माणूस आपल्या नावाला जपतोय. तो तर आपणच चुकलेले असू दे म्हणून देव पाण्यात घालून बसला होता.

"आता नाव ठेवायचं ना?" मी हळूच विचारलं.

त्यांनी त्या शेवटच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "ठेवा," म्हणाले. "बरोबर आहे तें." त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही.