सहा गोळ्या की तेरा

मंगळवारी धाराशिवला आमचं वर्षाचं फायरिंग, म्हणजे नेमबाजीचा सराव होता. तिथं जे झालं ते डोक्यातून काही जात नाही... म्हणून लिहून काढतेय.

मी पोलीस उपनिरीक्षक. पावसाळ्यात बदली होऊन धाराशिव जिल्ह्यातल्याच वाशीकडच्या एका ठाण्यात आले, तेव्हा शस्त्रागाराच्या हवालदार मामांनी टेबलावर दोन हत्यारं मांडली होती. एक सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आणि एक पिस्तूल, ज्याच्या मॅगझीनमध्ये तेरा गोळ्या बसतात. दोन्ही शिल्लक होती, हवं ते घ्यायची मुभा होती.

मामा म्हणाले, "मॅडम, आकड्याच्या नादी लागू नका. आधी हातात धरा, बोट कुठवर पोचतंय ते बघा." पिस्तुलाची मूठ जाडजूड. माझं बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम जायचं, वरची स्लाइड ओढताना दातओठ खावे लागायचे, आणि दिवसभर कमरेला ते ओझं वेगळंच. रिव्हॉल्व्हर मात्र हातात अलगद बसलं... पण त्यात सहाच.

खरं सांगते, मी भित्री आहे. वर्दी चढवली म्हणून माणूस आतून बदलत नाही. फटाक्यांच्या कारखान्यांच्या तेरखेड्यावरून जाताना कुठं फटाका फुटला तरी माझा हात आधी कमरेला जातो आणि गाडीतले बाकीचे गालातल्या गालात हसतात. सहाही संपल्या आणि समोरचा उभाच राहिला तर... या एका विचारानं डोकं पोखरलं होतं. मी तेराचं उचललं आणि सही करून मोकळी झाले.

दिवाळीनंतर एका फरार आरोपीला आणायला आम्ही शेतात गेलो. दोघं मागच्या अंगानं गेले, समोरून मी आणि बालाजीभाऊ. बालाजीभाऊ म्हणजे आमच्या ठाण्यातले हवालदार, ईट गावचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे.

भर दुपार, दोन्हीकडं डोक्याएवढी तूर आणि मध्ये पत्र्याचं शेड. तो माणूस कोयता घेऊनच बाहेर आला. बालाजीभाऊ माझ्या पुढं होते, हातात नुसती काठी. मी पिस्तूल रोखलं. मनाला एकच धीर होता... तेरा आहेत. मिनिटभरानं त्यानं कोयता खाली टाकला. त्या रात्री मी शांत झोपले.

तर मंगळवारी. पहिली गोळी सुटली, दुसरी, तिसरी... आणि चौथीला नुसतं खट्. स्लाइड ओढून पुन्हा ट्रिगर दाबला, पुन्हा खट्. आत दहा गोळ्या होत्या आणि एकही वर येत नव्हती.

हत्यारं घेऊन मामाही आमच्याबरोबर आले होते. त्यांनी पिस्तूल माझ्या हातातून घेतलं, मॅगझीन काढून खालून उघडलं आणि सळईनं आत खरवडलं. त्यांच्या तळहातावर तांदळाचा एक दाणा पडला... कुंकवानं लाल झालेला.

अक्षता. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा झाली होती. पांढऱ्या कापडावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, रिकामी मॅगझीनं काढून शेजारी ठेवलेली. माझ्या पिस्तुलावर मीच मूठभर अक्षता टाकल्या होत्या, भक्तिभावानं. त्याचा फोटो इथंच टाकला होता, तुमच्यातल्या कितीतरी जणांनी लाइकसुद्धा केलाय.

नंतर गोळ्या भरताना मॅगझीन जरा घट्ट लागलं होतं. वाटलं, स्प्रिंग असेल कडक. वरवर पुसून ठेवायचे, उघडून कधी पाहिलं नाही. उघडलं आणि परत बसवता आलं नाही तर काय, ही पण भीतीच... म्हणजे त्या शेतात मी उभी होते ती तेराच्या जोरावर, आणि हातात होत्या तीन. हे लक्षात आलं आणि मी तिथंच मातीत खाली बसले.

मामा रागावले नाहीत. साफ करून त्यांनी पिस्तूल परत दिलं, आणि या खेपेला तेराच्या तेरा सुटल्या. निम्म्या निशाणाच्या कागदाला लागल्याच नाहीत ती गोष्ट वेगळी. मग रिव्हॉल्व्हर दिलं. सहातल्या पाच मधोमध.

"बिघाड हेच्यातबी व्हतो मॅडम," मामा म्हणाले, "पण हे तुमच्या हाताचं ऐकतंय." मी सहाचं घेतलं. भीती काही कमी झाली नाही, उलट आता प्रत्येक गोळी कुठं जाईल याची काळजी लागलीय.

बुधवारी बालाजीभाऊंना सगळं सांगितलं. न सांगता खपलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण घास उतरत नव्हता. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "म्या तर त्या तेराच्या भरोशावर पुढं गेलो व्हतो."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

काल एका वॉरंटसाठी निघायच्या आधी मी रिव्हॉल्व्हर उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी गोळ्यांची सहाही घरं वाकून नीट बघितली, मान हलवली आणि गाडीत बसले. तिथं पोचल्यावर मी म्हणणार होते की आज मी पुढं जाते... तोवर ते उतरून चालायलाही लागले होते, मागं वळून न बघता.

त्यांना दोन पोरी आहेत, धाकटीची यंदा दहावी. समोरच्या बंद दाराकडं माझं लक्षच नव्हतं, मी त्यांच्या पाठीकडं बघत चालले होते आणि जन्मात कधी भ्याले नसेन एवढी भ्याले होते. एवढं होऊनही ज्यानं माझ्या भरोशावर माझ्याकडं पाठ केली, त्याचे आभार कसे मानायचे... ते मला अजून सुचलेलं नाही.