मोखाड्याच्या ऑफिसातलं ग्राफिक्स कार्ड

आमच्या भागातल्या छोट्या ऑफिसांत कॉम्प्युटर येतात ते बहुधा मुंबईत कुणीतरी वापरून टाकलेले. तिकडे नवे आले की जुने इकडे देणगी म्हणून पोचतात, वर हार घालून फोटोही काढला जातो. मग काहीही बिनसलं की मशीनच्या नावानं बोटं मोडायची, ही इथली रीत. प्रिंट तिरकी आली, मशीन भंगार. अर्ज सबमिट झाला नाही, मशीन भंगार. माणसाचं काही चुकलं असेल असं कुणाच्या मनात येत नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही येत नाही. जव्हारला माझं दुरुस्तीचं दुकान आहे, माझं पोट त्यावरच चालतं.

या दुकानातच मागच्या खोलीत मी टायपिंगचे वर्गही घेतो. तिथे शिकून गेलेली साखरशेतची एक मुलगी मोखाड्याच्या एका संस्थेत ऑपरेटर म्हणून लागली होती. मजुरी अडकलेल्या, पेन्शन थांबलेल्या माणसांचे अर्ज भरून देणं हे तिचं काम. तिच्या घरातले सगळे भाताच्या आवणीला, वीटभट्टीला, जिथे मिळेल तिथे राबणारे. पंख्याखाली खुर्चीत बसून काम करणारी ती घरातली पहिलीच. पहिला पगार झाला त्या दिवशी ती पेढे घेऊन दुकानात आली होती आणि मी तिला म्हटलं होतं, "आता मोठी साहेबीण झालीस, आम्हाला ओळख देशील ना?" ती इतकी लाजली की पेढ्यांचा पुडा माझ्या हातात कोंबून पळाली.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता तिचा फोन आला. "सर, स्क्रीन लय खराब झालीय. अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. माझ्या चुका होतायत आन् ताई रागावतात. तुम्ही येऊन बघा ना."

ताई म्हणजे त्या संस्थेचं ऑफिस चालवणाऱ्या बाई. मी जीपने मोखाड्याला पोचलो तेव्हा त्यांनी मला दारातच गाठलं. बाई मनानं वाईट नव्हत्या, पण मेटाकुटीला आल्या होत्या. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला की गरिबाचे पैसे महिनोन् महिने अडकतात, आणि असं पुन्हा पुन्हा घडत होतं. "तुम्ही मशीन एकदाची नीट करा," त्या म्हणाल्या. "त्यानंतरही चुका झाल्या तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. मला ते करायचं नाहीये हो." ती मुलगी खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती.

मी मशीन पाहिली आणि मला बरंच वाटलं, कारण दोष समोर दिसत होता. कॉम्प्युटर जुना, पण जुना मॉनिटर गेल्यामुळे त्यांनी मोठा, नवा पण हलक्या कंपनीचा मॉनिटर आणला होता. जुन्या मदरबोर्डवरच्या अंगच्या ग्राफिक्सला, म्हणजे स्क्रीनवर चित्र पाठवणाऱ्या भागाला, तेवढी मोठी स्क्रीन झेपत नव्हती. मधे एक स्वस्तातला कन्व्हर्टर लावून कसंबसं जोडलेलं. त्यामुळे अक्षरं ताणली जात आणि त्यांच्या कडा पुसट होत. मलाही ती वाचताना त्रास झाला. मुलगी मान एका बाजूला कलती करून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्क्रीनकडे बघत होती. स्वस्त मॉनिटरवर समोरून एक दिसतं, बाजूनं दुसरं, तेव्हा मला त्यातही काही वेगळं वाटलं नाही. उलट मीच तिला म्हटलं, "मान मोडशील अशानं. जरा थांब, तुझी स्क्रीन आरशासारखी करून देतो."

ताईंना वाटत होतं नवीन कॉम्प्युटरच घ्यावा लागणार. मी म्हटलं, काही गरज नाही, एक साधं ग्राफिक्स कार्ड पुरे. पण साधं कार्ड निवडणं हेही साधं काम नसतं. कॅबिनेट चपटं, त्यात मोठं कार्ड शिरत नाही, म्हणून अर्ध्या उंचीचं पाहिजे. आतला पॉवर सप्लाय दुबळा, म्हणून वेगळी वीज न मागणारं पाहिजे. आणि पंखा तर मुळीच नको. त्या ऑफिसात दसऱ्याला घराच्या दाराला बांधतात तशी नव्या भाताची कणसं प्रत्येक कॉम्प्युटरलाही बांधतात, आणि वाळली तरी कुणी काढत नाही. त्यांची कुसळं गळून थेट मशीनच्या आत जातात. याच ऑफिसातल्या एका मशीनच्या पंख्यातून मी चिमटीनं भात वेचला आहे. देवाच्या कामाला नाही कसं म्हणणार? म्हणून बिनपंख्याचं कार्ड, ज्यावर नुसता पत्र्याच्या पात्यांचा ठोकळा असतो आणि तो आपोआप थंड होतो.

तसं कार्ड मी नाशिकहून मागवलं. ते येईपर्यंत मुलीचे फोन चालूच होते. "सर, आलं का? लवकर बसवा, मग मी चूक करायची नाय." तिच्या आवाजात आशा होती आणि मलाही तिच्या आशेची लागण झाली होती. मी तिला ठामपणे सांगत होतो, सगळं ठीक होईल.

कार्ड बसवलं तो दिवस बाजाराचा होता, ऑफिस माणसांनी भरलेलं. मी कॅबिनेट बंद केलं, नवी केबल जोडली आणि मशीन चालू केली. स्क्रीन उजळली. अक्षरं इतकी स्वच्छ उमटली की दारात उभ्या असलेल्या ताईंनी तिथूनच वरची ओळ वाचून दाखवली. मी खूष झालो. आपल्या हातून चांगलं काम झालं की होतो तसा.

मुलगी खुर्चीत बसली. दाभोशाची एक म्हातारी पेन्शनच्या अर्जासाठी समोर थांबली होती. मुलीने तिचं पासबुक घेतलं, नाकाजवळ नेलं, मग मान कलती करून स्क्रीनकडे पाहत सावकाश टाइप करू लागली. तीच कलती मान. मी वाकून पाहिलं तर आठाच्या जागी तीन होता, आणि पुढे एक आकडा गळला होता.

ताईंनीही ते पाहिलं. त्या माझ्याकडे वळल्या. "मशीन आता नीट आहे ना?"

"तसं अजून सेटिंग बाकी आहे," मी म्हणालो. "एकदोन दिवस जातील." काहीही बाकी नव्हतं. मला फक्त तिची खुर्ची आणखी थोडे दिवस वाचवायची होती.

मुलीने मागे वळून विचारलं, "सर, खरं सांगा. तुम्हाला साफ दिसतंय?"

मी उगाच केबल पुन्हा दाबून पाहिली. म्हातारीच बोलली, "मना वाचता नाय येत, पन लय चकचकीत दिसतंय गो."

मुलीने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले. "मंग मशीन नाय," ती म्हणाली. "मीच हाय." आणि ती उठून उभी राहिली. म्हातारी बिचारी गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

इतके महिने ती पुसट स्क्रीनच्या आडोशाला राहिली होती. मी मोठ्या हौसेनं तो आडोसा काढून घेतला. आजही ते आठवलं की काम करता करता माझा हात थांबतो.

तिचा बाप तिला नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. परत येताना दोघं जव्हारला उतरली आणि दुकानात आली. बाप स्टुलावर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "भाऊ, डॉक्टर बोलला, डोळ्याच्या मागं आजार हाय, समोरचं दिसत नाय, कडेचंच दिसतं. चष्मा नाय, आपरेशन नाय. हाय ती नजर पन जाईल बोलला." मी चहा मागवला, पण तो कुणी घेतला नाही. ऑफिसात तिच्या जागी तोवर दुसरी मुलगी आली होती, आणि हे तिला ठाऊक होतं.

ती काउंटरवर हात फिरवत उभी होती. तिथे मी सुटी कार्डं मांडून ठेवतो. त्यातलं एक तिने उचललं, बोटांनी चाचपलं आणि जागेवर ठेवलं.

"सर," तिने विचारलं, "ऑफिसात बसवलं त्याच्याहून चांगलं कार्ड येतं का?"

"येतं," मी म्हणालो.

मी पुढे काहीतरी सांगेन म्हणून ती माझ्याकडे, माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला, बघत राहिली.