उडणाऱ्या माणसाने हसावे काय

माझा मामा पालघरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि घरीदारी छापील मराठी बोलायचा. त्याला चहा हवा असला की तो आईला म्हणे, "किंचित चहा मिळाल्यास बरे होईल." माझे वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांची पाळी सध्या कुठल्या खात्यात आहे ते त्यांच्या नखांवरून कळायचं, कधी निळी, कधी लाल. त्यांना कुठलीही गोष्ट सरळ सांगता येत नसे. या दोघांची गाठ पडली की आई आधीच कपाळाला हात लावून बसायची.

आम्ही सरावलीला कामगारांच्या चाळीत राहत होतो. मी सातवीत असताना दिवाळीत चाळीने वर्गणी काढून बोईसरहून एका दिवसासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आणला. दुकानात हिंदी कॅसेटी सगळ्या गेल्या होत्या. दुकानदाराने एक इंग्रजी कॅसेट दिली आणि सांगितलं, यात एक माणूस उडतो. तेवढ्यावर आमची मंडळी खूश झाली.

दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून खोलीत अंधार केला. चाळीत इंग्रजी कोणालाच येत नव्हतं, पण भाऊबिजेला आलेला मामा हजर होता. तो छत्री घेऊन टीव्हीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "मी सारांश सांगत जाईन. मध्ये कोणी बोलू नये."

पडद्यावर तो उडणारा माणूस आला. अंगात निळे घट्ट कपडे, पाठीला लाल कापड.

"दोन्ही खात्यांत ओव्हरटाइम केलेला दिसतो," वडील म्हणाले.

खोली हसली. मामाने छत्री आपटली. "हा मनुष्य लोकांचे प्राण वाचवण्यासाठी अवतरला आहे. त्याचे कार्य गंभीर आहे."

मग मामा भाषांतर करू लागला. उडणाऱ्या माणसाने एका म्हातारीला पुरातून उचललं, तेव्हा मामा म्हणाला, "माते, चिंता नसावी." खलनायक ओरडला की मामा म्हणे, "तुझा समूळ नाश करीन." असं बराच वेळ चाललं. मग नायक आणि एक तरुणी गच्चीवर बसून गप्पा मारू लागले. मामा गप्प झाला.

"मास्तर, काय बोलतात ती?" वडिलांनी विचारलं.

"हवामानाविषयी बोलत आहेत."

"मग ती एवडी हसते का?"

"हवामान चांगले आहे म्हणून."

यानंतर मामाचं कोणी ऐकेना. वडिलांनी बसल्या जागेवरून आपलंच भाषांतर सुरू केलं. त्यांच्या गोष्टीत तो माणूस उडतो कारण त्याची बस चुकलेली असते, आणि खलनायक त्याचा सुपरवायझर असतो. दारात टोपली टेकवून बसलेली सुक्या मासळीवाली मावशी हसता हसता मागे कलंडली. सुकट विकायची राहिलीच.

संध्याकाळी फराळाला बसल्यावर मामाने विषय काढला. "भाऊजी, आपण त्या चित्रपटाचा विचका केलात. जो दुसऱ्याचा जीव वाचवतो त्याने विनोद करू नये. आगीच्या बंबावरचा माणूस कधी विनोद करतो काय?"

"करतो की. आमच्या कारखान्यात येतो तो करतो."

"मग त्याला कामाचे गांभीर्य नाही."

"हाय ना. म्हनून तर करतो."

"हे तर्कशास्त्रात बसत नाही."

"मास्तर, चकली घ्या," वडील म्हणाले. आईने दोघांच्या मध्ये लाडवांचा डबा ठेवला आणि चर्चा तेवढ्यापुरती थांबली. नंतर स्वयंपाकघरात मामाने आईला हळूच सांगितलं, की त्या लोकांचे उच्चार असे होते की त्याला 'येस' आणि 'नो' सोडून काहीच कळलं नव्हतं. आईने हे वडिलांना कधीच सांगितलं नाही. मला सांगितलं, ते फार पुढे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मामा घरचे आंबे घेऊन आला होता. आई पाटी उतरवून घेत होती, तेवढ्यात कारखान्यांच्या बाजूने भोंगा झाला. पाळी सुटायची वेळ नव्हती. थोड्या वेळात सायकलवरून एक जण ओरडत गेला, की वडिलांच्या कारखान्यात ॲसिडचा पाइप फुटला आणि वाफ सुटली आहे. आई आहे त्या साडीत निघाली. तिच्या मागे मी, आणि माझ्या मागे उघडी छत्री घेऊन मामा. घाईत ती मिटायची राहिली होती.

फाटकाबाहेर माणसं गोळा झाली होती. आत पिवळट धूर दिसत होता आणि डोळे चुरचुरत होते. कोणीतरी सांगितलं, सगळे बाहेर आलेत, एक हेल्पर वरच्या मजल्यावर अडकलाय आणि आमचे वडील त्याला आणायला मास्क लावून गेलेत. आई मटकन खाली बसली. मामाने तिच्या डोक्यावर छत्री धरली. ऊन आमच्या पाठीमागून येत होतं, ती सावली कोणावरच पडत नव्हती. पण तो तशीच धरून उभा राहिला.

मग धुरातून वडील आले. पाठीवर तो हेल्पर होता, त्यांच्याहून हातभर उंच, त्यामुळे त्याचे पाय जमिनीला घासत होते. वडिलांनी त्याला फाटकाजवळ खाली ठेवलं. त्याने डोळे उघडले, समोर उघडी छत्री धरून उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं आणि तो हसायला लागला. खोकत होता, रडत होता आणि हसत होता. वाफ डोक्यात गेली असं लोकांना वाटलं.

पाणी पाजल्यावर त्याने सांगितलं. वर शिडीपाशी त्याचे हातपाय गळाले होते. तो कठडा सोडेना. तेव्हा वडिलांनी मास्क बाजूला सरकवून त्याला त्यांच्या हिंदीत सांगितलं, "आंख बंद कर और मेरे को पकड. नीचे मत देख. नीचे मेरा साला छाता लेके खडा है, उसको देखा तो और डर जाएगा."

"मैं सोचा, झूठ बोल रहे हैं," हेल्पर म्हणाला. "पर साला तो सच में खडा है."

मामाने छत्री मिटली.

हेल्पर बचावला. वडिलांनाही दवाखान्यातून संध्याकाळीच सोडलं. चाळीत लोक भेटायला आले, नारळ दिले. पण वडील दाराबाहेर पायरीवर बसून राहू लागले. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचे आणि पुन्हा गप्प. आईने भात थोडा करपवला तरी मुकाट जेवले. एरवी त्यावर त्यांनी आठवडाभर बोलून घेतलं असतं.

शेवटी आईने मामाला बोलावून घेतलं. "दादा, हे बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, पण सरळ बोलतात. मला भीती वाटते."

मामा बराच वेळ विचार करत बसला. मग बाहेर जाऊन वडिलांशेजारी पायरीवर टेकला, धोतर नीट केलं, घसा साफ केला.

"भाऊजी, एक इसम होता. इसम काल्पनिक आहे."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं.

"तो एस.टी.त चढला. वाहकाने विचारले, कुठे जायचे? तो म्हणाला, मनोर. वाहक म्हणाला, अहो, ही गाडी मनोरहूनच आली आहे. त्यावर तो इसम म्हणाला, मग बरे झाले, रस्ता माहीत असेल तिला."

कोणी हसलं नाही. मामा समजावू लागला.

"यातील विनोद असा, की रस्ता गाडीला माहीत नसतो. तो चालकाला माहीत असतो."

वडिलांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. "मास्तर," ते डोळे पुसत म्हणाले, "परत सांगा. ते शेवटचं." मामाने पुन्हा सांगितलं, स्पष्टीकरणासकट. आई दाराआड उभी राहून पदराने तोंड झाकून हसत होती, की रडत होती, ते मला नीट दिसलं नाही.

त्या रात्री वडील भाताबद्दल बोलले.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे केबल आली आणि त्यावर असले उडणारे, भिंतीवर चढणारे वीर हिंदी बोलू लागले. ते सारखे विनोद करायचे. मामा निवृत्त झाला होता. तो आला की दोघे शेजारी खुर्च्या टाकून बघत बसायचे. आता मामाला काय वाटतं म्हणून एकदा मी विचारलं.

"विनोदाला माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पण याला गोळी लागत नाही, हा पडत नाही, याला भीती कसली? ज्याला भीती नाही त्याचा विनोद ऐकून मी काय करू?"

वडील मात्र वैतागले होते. "किती बोलतो हा. मागं बिल्डिंग पडते ना, ती धर आधी."

"भाऊजी, त्याला बोलू द्या. तुम्हीच म्हणाला होतात."

"मी म्हनालो होतो वाचवताना बोल. हा वाचवतच नाय, नुसता बोलतो."

"म्हणजे तुम्ही गांभीर्याच्या बाजूचे झालात."

"मी कोनाच्याच बाजूचा नाय. आवाज कमी कर गं," वडील मला म्हणाले, आणि मग आवाज बंद करून ते दोघे आपापलं भाषांतर करत बसले.