काचेचं कॅबिनेट

शिरूर कासारला तहसीलसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणायचं आपलं, आठ बाय दहाचा गाळा आहे. जुना कॉम्प्युटर सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की गिऱ्हाईक चहाला म्हणून उठायचं आणि समोरच्या दुकानातून फॉर्म भरूनच निघायचं. त्या समोरच्याने मोठा स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवला होता. आपलं नाव टाइप होताना दिसलं की लोकांचा विश्वास बसतो. मी जळत होतो, हे कबूल करतो.

शेवटी बायकोची भिशी लागली आणि तिनं पस्तीस हजार माझ्या हातात दिले. आयटीआयमध्ये माझ्याबरोबर असलेला एकजण बीडला कॉम्प्युटर जोडून देतो. त्याच्या काउंटरवर बसून आम्ही एकेक पार्ट निवडला. प्रोसेसर मधला घेतला, रॅम आठची घेतली. इथपर्यंत दोघांचं जमलं. मग त्याने दोन गोष्टी सांगितल्या. तुझ्याकडे लोकांचे कागद असतात, म्हणून नकलेसाठी दुसरी डिस्क घे. आणि तुमच्याकडची लाइट अशी, म्हणून पॉवर सप्लाय कंपनीचा घे. दोन्ही घेतलं तर स्क्रीन लहान घ्यावा लागत होता आणि कॅबिनेट साधं पत्र्याचं.

मी चोवीस इंची स्क्रीन घेतला. काचेच्या बाजूचं, आत रंगीत पंखे फिरणारं कॅबिनेट घेतलं. त्याच्याबरोबर सप्लाय फुकट मिळत होता, कसला ते विचारलं नाही. दुसरी डिस्क पुढच्या महिन्यात घेऊ म्हटलं. मित्र हसला आणि स्क्रू आवळू लागला. मला वाटलं, हा आपला माल खपवतोय.

दसऱ्याच्या आधी माझ्याकडे वेगळीच गर्दी असते. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. हे कोयते कारखान्याला निघण्याआधी कागद स्कॅन करून माझ्याकडे ठेवून जातात, कारण फडावरच्या खोपीत कागद भिजतात, नाहीतर उंदीर खातात. त्या वर्षी एक पस्तिशीचा माणूस बायकोला घेऊन आला. दोघांचाही आधीचा जोडीदार वारलेला, आणि त्यांनी पाट लावला होता. पाटाच्या लग्नाला ना पत्रिका, ना मांडव, ना फोटोवाला. म्हणून त्याने शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं होतं. खाली दोन साक्षीदार होते. एक गावातला म्हातारा आणि दुसरा त्याचा सख्खा भाऊ. मूळ कागद घरच्या पेटीत राहणार होता आणि घर भावाच्या ताब्यात. तो हळूच म्हणाला की घरात कागद टिकेल याचा भरवसा नाही. मी कागद नीट वाचला आणि स्कॅन करून मोठ्या स्क्रीनवर दाखवला. बाईने भावाच्या सहीवर लांबूनच बोट धरलं. तिला एक झेरॉक्सही हवी होती. मीच म्हटलं, कशाला, कॉम्प्युटरात आहे, कधीही या, काढून देतो. त्या काचेच्या डब्याचा मला इतका माज होता.

जानेवारीत, कांदा-गव्हाला पाणी सुरू असताना, भरदुपारी डीपीवरची न्यूट्रलची तार तुटली आणि व्होल्टेज एकदम चढलं. गल्लीतले बल्ब क्षणभर लख्ख झाले. माझ्या टेबलाखाली फट्‌ आवाज झाला, जळका वास आला. बीडच्या मित्राने कॅबिनेट उघडून पाहिलं. फुकटच्या सप्लायने बोर्डही नेला होता आणि डिस्कही. पुण्याला पाठवूनही काही निघालं नाही. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो वासा मी रोख पैसे देऊन आणला होता.

फेब्रुवारीत ती बाई एकटी आली. नवरा कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉलीखाली गेला होता. तेरावं झालं आणि दिराने तिला सांगितलं की तुझं इथे काही नाही. पेटीत कागद नव्हता. साक्षीदार म्हातारा दिवाळीतच वारला होता. नवऱ्याच्या वाट्याच्या जमिनीवर वारस म्हणून नाव लावायला आता माझ्याकडचाच कागद राहिला होता. मी तिला काय सांगावं? मी सांगितलं, मशीन दुरुस्तीला गेलंय, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती गावाहून चालत आली आणि तिच्या पायांकडे बघून मला स्वतःची घाण वाटली. मग खरं सांगितलं.

ती रडली नाही. स्टूल पुढे ओढून बसली. मग म्हणाली, "तुमी वाचला व्हता न्हवं? मंग तुमीच सांगा, भाऊ."

गेलो तिच्याबरोबर तलाठ्याकडे. दीर आधीच येऊन बसला होता. तो शांतपणे सांगत होता की ही बाई जोडीला होती, कोयत्यापुरती. लग्न-बिग्न काही नाही. मी म्हटलं, कागद मी स्वतः पाहिलाय, त्यावर तुझी सही आहे. त्याने माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"दाखीव की मंग," तो म्हणाला.

तलाठ्याने खाली मान घालून सांगितलं की असं तोंडी चालत नाही, कोर्टात जा. वकिलाकडेही तिला मीच नेलं. त्यानेही पहिल्यांदा कागदच मागितला. तो नाही म्हटल्यावर वर्षं किती जातील ते सांगू लागला, तेव्हा ती मधेच उठली. जमीन दिराच्या नावावर लागली. ती माहेरच्या गावात कुणाच्या तरी पडवीत राहते, एवढं कानावर आलं.

मी आता दोन डिस्क बसवल्यात आणि सप्लाय कंपनीचा घेतलाय. बैल गेला अन् झोपा केला, आणि बैलही दुसऱ्याचा.

पुढच्या दसऱ्याला ती काउंटरपुढे उभी राहिली. बरोबर एक माणूस होता, वयाने बराच मोठा. एकट्या बाईला तोडीवर कुणी नेत नाही. दोघांच्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती, मुकादमाला द्यायला. मी झेरॉक्स काढली. मग घाईघाईने सांगू लागलो की नवा स्टॅम्प मी आणतो, लिहूनही देतो, नोटरी करू, पाच प्रती काढू, एक पैसा घेणार नाही.

ती माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"ह्या बारीला कागद केलाच न्हाई, भाऊ. लगीनबी न्हाई."

झेरॉक्सचे चार रुपये तिने काउंटरवर ठेवले. मी नको नको म्हणत होतो, तोवर ती त्या माणसामागे रस्ता ओलांडून ट्रॅक्टरकडे गेली होती.